एकाच अपाचेमध्ये दोन ॲप्लिकेशन्स: शेअर्ड लायब्ररींचा संघर्ष मुळापासून कसा सोडवावा

प्रश्नाचा सारांश आधी मांडतो. उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर आणलेल्या एका सर्व्हरवर एकच अपाचे (वेब सर्व्हर) आहे आणि त्यात दोन ॲप्लिकेशन्स चालतात. पहिले प्रवेशनोंदणीचे जुने ॲप्लिकेशन मॉड-पीएचपी या, पीएचपी अपाचेच्या आतच चालवणाऱ्या मोड्यूलमार्फत चालते आणि त्याला पीएचपी ७.४ च लागते. दुसरे जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये लिहिलेले, शुल्कभरणा हाताळणारे नवे ॲप्लिकेशन मॉड-डब्ल्यूएसजीआय या पायथनसाठीच्या मोड्यूलमार्फत चालते. उबुंटू २२.०४ सोबत पीएचपी ८.१ आणि ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) ३.० मिळतात आणि ओपनएसएसएल ३ साठीचा आधार पीएचपीमध्ये ८.१ पासूनच आला, म्हणून आपण ओपनएसएसएल १.१.१, कर्ल (नेटवर्क जोडणीची लायब्ररी) आणि पीएचपी ७.४ हे तिन्ही सोर्सवरून कम्पाइल करून ‘यूएसआर लोकल’खाली बसवले. तेव्हापासून अपाचेच्या चाइल्ड प्रोसेस अधूनमधून ‘सेगमेंटेशन फॉल्ट (११)’ अशी नोंद सोडून बंद पडतात, आणि क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेतून) येणाऱ्या मेलमध्ये ‘लिबकर्ल.एसओ.४: नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल’ ही ओळ दिसते. आपण विचारता की ओपनएसएसएल १.१ च्या नावाने ३.० कडे सिम्बॉलिक लिंक द्यावी का, अपाचेसाठी एलडी-लायब्ररी-पाथ हे, लायब्ररी कोठे शोधायच्या ते सांगणारे व्हेरिएबल लावावे का, की सगळेच डॉकरमध्ये (वेगळ्या कंटेनरमध्ये) हलवावे.

पहिल्या दोन्ही गोष्टी करू नयेत. तिसरी अर्ध्यापुरती योग्य आहे. परंतु कारण समजल्याशिवाय हे उत्तर उपयोगाचे नाही, कारण आपल्या सर्व्हरवर एक नव्हे तर दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळले आहेत, आणि त्यांपैकी एकच दूर केला तर क्रॅश काही दिवसांनी पुन्हा सुरू होतील.

आपण पाठवलेला बॅकट्रेस (क्रॅशच्या क्षणी चालू असलेल्या फंक्शन्सची साखळी) या दृष्टीने फार बोलका आहे. सर्वांत वरच्या फ्रेममध्ये ओपनएसएसएल ३ च्या लिबक्रिप्टोमधील, प्रमाणपत्र साठ्यात नवे प्रमाणपत्र जोडणारे फंक्शन आहे. त्याच्या खाली पायकर्ल, म्हणजे पायथनमधून कर्ल वापरण्याचे मोड्यूल, आहे. त्याच्या खाली ‘यूएसआर लोकल लिब’मधील लिबकर्ल आहे, आणि ती लिबकर्ल ओपनएसएसएल १.१.१ शी जोडून बांधलेली आहे. म्हणजे घडले ते असे: जँगोमधील कोडने शुल्कभरणा सेवेशी जोडणी करताना पायकर्लमार्फत स्वतःची सीए प्रमाणपत्रे दिली, लिबकर्लने जोडणी उभारताना ओपनएसएसएल १.१ मधील कॉन्टेक्स्ट तयार केला आणि कॉलबॅकद्वारे तो पायकर्लच्या हाती दिला. पायकर्ल मात्र सिस्टिमच्या ओपनएसएसएल ३ शी जोडलेले असल्यामुळे त्याने तोच कॉन्टेक्स्ट ३.० च्या फंक्शनकडे सोपवला. दोन्ही आवृत्त्यांमध्ये त्या स्ट्रक्चरची अंतर्गत मांडणी वेगळी आहे. ३.० च्या फंक्शनने ज्या अंतरावर प्रमाणपत्र साठ्याचा पॉइंटर असेल असे गृहीत धरले, तेथे भलतीच किंमत होती, आणि प्रोसेस कोसळली.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ओपनएसएसएलच्या दोन आवृत्त्या एकाच प्रोसेसमध्ये लोड झाल्या, एवढ्यानेच क्रॅश झालेला नाही. ओपनएसएसएल १.१.० पासून प्रत्येक सिम्बॉलला (लायब्ररीतील फंक्शन किंवा व्हेरिएबलच्या नावाला) आवृत्तीची खूण लावलेली असते, त्यामुळे १.१ शी जोडलेला कोड १.१ चेच फंक्शन शोधतो आणि ३.० शी जोडलेला कोड ३.० चे. दोन्ही आवृत्त्या एकाच मेमरीत बराच काळ शेजारीशेजारी सुखाने नांदू शकतात. एकीने तयार केलेला ऑब्जेक्ट दुसरीच्या हाती जातो, तेव्हा अपघात होतो. म्हणूनच हा दोष चाचणीत सापडत नाही आणि प्रत्यक्ष वापरात कधीतरी उगवतो.

क्रॅश ‘अधूनमधून’ का होतो, याचेही कारण येथेच आहे. मॉड-पीएचपी आणि त्यासोबतची लिबकर्ल अपाचेच्या पॅरेंट प्रोसेसमध्ये सुरुवातीलाच लोड होतात आणि फोर्क झालेल्या (पॅरेंटची प्रत म्हणून निर्माण झालेल्या) प्रत्येक चाइल्डला वारशाने मिळतात. पायथनची मोड्यूल्स मात्र त्या चाइल्डकडे जँगोची पहिली विनंती येते तेव्हा लोड होतात. ज्या चाइल्डने दिवसभर फक्त प्रवेशनोंदणीची पाने दिली ती धडधाकट राहते; जिने शुल्कभरण्याची नवी जोडणी उघडली ती पडते. ‘सर्व्हर रीस्टार्ट केला की काही वेळ बरे चालते’ हे आपले निरीक्षणही याला धरूनच आहे.

आता पहिला दोष पाहू. डायनॅमिक लिंकर (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी चालवताना जोडून देणारा) लायब्ररी शोधतो ती फाइलच्या पूर्ण मार्गावरून नव्हे, तर तिच्या एसओ-नेमवरून, म्हणजे ‘लिबकर्ल.एसओ.४’ यासारख्या नावावरून. लिबकर्लचे हे नाव २००६ मधील ७.१६.० या आवृत्तीपासून बदललेले नाही. कर्लच्या मंडळींनी आपला स्वतःचा इंटरफेस इतकी वर्षे सांभाळला, ही त्यांची मोठी कामगिरी आहे. पण लिबकर्ल आतून कोणत्या टीएलएस (सुरक्षित जोडणीच्या) लायब्ररीशी जोडलेली आहे, हे त्या नावावरून कळत नाही. त्यामुळे सिस्टिमची लिबकर्ल आणि आपण बांधलेली लिबकर्ल लिंकरच्या दृष्टीने एकच ठरतात. उबुंटूमध्ये ‘यूएसआर लोकल लिब’ ही डिरेक्टरी लिंकरच्या शोधयादीत आधीपासूनच असते आणि सिस्टिमच्या लायब्ररी डिरेक्टरीच्या आधी येते. (रेड हॅट घराण्यातील वितरणांमध्ये ती यादीत मुळातच नसते, म्हणून तेथील अनुभव वेगळा येतो.) आपण तेथे लिबकर्ल ठेवून एलडीकॉन्फिग (लिंकरची कॅश नव्याने लिहिणारी आज्ञा) चालवले, त्या क्षणापासून सर्व्हरवरील लिबकर्ल.एसओ.४ मागणारा प्रत्येक प्रोग्राम आपली प्रत वापरू लागला. क्रॉनच्या मेलमधील ती ओळ हेच सांगत होती. उबुंटूची लिबकर्ल सिम्बॉलवर आवृत्तीची खूण लावून बांधलेली असते, नेहमीच्या पद्धतीने सोर्सवरून बांधलेली लिबकर्ल तशी नसते. सिस्टिमचा कर्ल हा कमांड ती खूण शोधतो, ती सापडत नाही, तरी तो इशारा देऊन पुढे जातो. हा इशारा निरुपद्रवी समजून सोडून देण्याची प्रथा सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. कोणीतरी सिस्टिमची लायब्ररी झाकून टाकली आहे, एवढा स्पष्ट पुरावा लिंकर क्वचितच देतो.

यावरून पुढची गोष्ट निघते. पीएचपी वेगळ्या प्रोसेसमध्ये हलवली, पण ‘यूएसआर लोकल लिब’मधील प्रती जागेवरच ठेवल्या, तर जँगोची प्रोसेस एकटी असतानाही लिंकरच्या कॅशमधून तीच लिबकर्ल उचलेल, आणि तोच क्रॅश तेथे होईल.

दुसरा दोष आहे एका प्रोसेसमध्ये दोन बिऱ्हाडे ठेवण्याचा. एखाद्या एसओ-नेमची लायब्ररी प्रोसेसमध्ये एकदा लोड झाली, की त्याच नावाची दुसरी मागणी आली तरी लिंकर नवी फाइल उघडत नाही, आधीचीच देतो. पीएचपीने जी लिबकर्ल आणली तीच पायथनला मिळणार, मग पायथनसाठी आपण कितीही काळजीपूर्वक मार्ग लिहून ठेवलेला असो. हे दुखणे जुने आहे. पीएचपी लिबमायएसक्यूएलक्लायंटशी आणि पायथनचे मायएसक्यूएल मोड्यूल तिच्या थ्रेड-सुरक्षित जुळ्या लायब्ररीशी जोडलेले असे, आणि दोन्ही एका अपाचेत आल्या की क्रॅश होत. अपाचेसोबत आलेली एक्स्पॅट ही एक्सएमएल लायब्ररी आणि पायथनमधील एक्स्पॅट यांच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत की तेच होत असे. नावे बदलली, यंत्रणा तीच राहिली.

मॉड-डब्ल्यूएसजीआयचा डीमन मोड (पायथन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणारा) लावला की हे मिटते, असा सल्ला आपल्याला अनेक ठिकाणी मिळेल. डीमन मोड इतर कारणांसाठी चांगलाच आहे, पण या दुखण्यावर तो अपुरा आहे. त्यातील डीमन प्रोसेस अपाचेच्या पॅरेंटमधूनच फोर्क होतात, नवा प्रोग्राम सुरू केला जात नाही. त्यामुळे पॅरेंटमध्ये लोड झालेली मॉड-पीएचपी आणि तिच्या सर्व लायब्ररी डीमन प्रोसेसच्या मेमरीतही असतातच. त्याचप्रमाणे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट पायथनची पॅकेजेस वेगळी करते, सिस्टिममधील शेअर्ड लायब्ररी नव्हे. या दोन गैरसमजांमुळे किती तरी लोक अर्ध्या वाटेवर अडकलेले मी पाहिले आहेत.

तेव्हा नियम असा धरावा: खासगी लायब्ररी तिच्या मालकालाच दिसली पाहिजे, डिस्कवर वेगळ्या मार्गामुळे आणि मेमरीत वेगळ्या प्रोसेसमुळे. दोन्ही बाजू सांभाळल्याखेरीज काम पुरे होत नाही.

या नियमावर आपले पहिले दोन उपाय तपासून पाहू. ओपनएसएसएल १.१ च्या नावाने ३.० कडे लिंक दिली तर पीएचपी सुरूच होणार नाही, कारण ती १.१.० ची खूण असलेले सिम्बॉल मागेल आणि ३.० च्या फाइलमध्ये ते नाहीत. हे तरी बरे, कारण नकार लगेच मिळतो. सिम्बॉलवर आवृत्तीची खूण नसलेल्या लायब्ररीबाबत अशी लिंक दिली तर प्रोग्राम सुरू होतो, चालतो आणि केव्हातरी मेमरी बिघडवतो. एसओ-नेममधील क्रमांक बदलतो तो लेखकांनी बायनरी सुसंगतता मोडली म्हणून, आणि लिंकने ती सुसंगतता परत येत नाही.

एलडी-लायब्ररी-पाथ हे व्हेरिएबल अपाचेच्या एन्व्ह-व्हार्स फाइलमध्ये लावले, तर ते संपूर्ण अपाचेला लागू होते, म्हणजे मॉड-एसएसएल या एचटीटीपीएस मोड्यूललाही आणि जँगोलाही. दोन ॲप्लिकेशन्समध्ये भेद करण्याची त्यात सोयच नाही. शिवाय ते वारशाने पुढे जाते. पीएचपीमधून आपण चित्रे लहान करण्यासाठी, पीडीएफ बनवण्यासाठी किंवा मेल पाठवण्यासाठी बाहेरचा प्रोग्राम चालवत असाल, तर तो प्रोग्रामही आपल्या खासगी लायब्ररी उचलेल. एखादा दोष शोधताना टर्मिनलवर एका आज्ञेपुरते ते व्हेरिएबल लावणे ठीक आहे. कायमस्वरूपी मांडणीत त्याला जागा देऊ नये.

बदल करण्याआधी सद्यस्थिती डोळ्यांनी पाहून घ्यावी. चालू अपाचे चाइल्डचा प्रोसेस क्रमांक घेऊन प्रॉक फाइलसिस्टिममधील त्याची ‘मॅप्स’ फाइल उघडावी आणि तीत लिबएसएसएल, लिबक्रिप्टो व लिबकर्ल या नावांच्या ओळी शोधाव्यात. एलडीडी हा कमांड फाइलने काय मागितले आणि आत्ता काय मिळेल एवढेच सांगतो, तर ‘मॅप्स’ त्या प्रोसेसमध्ये प्रत्यक्षात काय लोड आहे ते सांगते. चालू असताना लोड होणारी मोड्यूल्स एलडीडीला दिसतच नाहीत. जँगोला किमान एक विनंती दिल्यानंतर हे पाहावे, नाहीतर अर्धेच चित्र मिळेल. एखादी फाइल कोणत्या पॅकेजची आहे हे डीपीकेजीच्या शोध-पर्यायाने विचारावे. कोणत्याही पॅकेजचे नाव मिळाले नाही, तर ती हाताने बसवलेली आहे असे बहुधा समजावे. बहुधा अशासाठी, की ‘लिब’ आणि ‘यूएसआर लिब’ या डिरेक्टरी आता एकच झालेल्या असल्या तरी पॅकेजच्या नोंदीत दोन्हींपैकी एकच मार्ग लिहिलेला असतो. म्हणून दोन्ही मार्गांनी विचारून पाहावे. कोणता सिम्बॉल कोणत्या फाइलशी जोडला गेला इतक्या खोलात जायचे असेल, तर एलडी-डीबग व्हेरिएबलला ‘बाइंडिंग्ज’ ही किंमत देऊन अपाचे एकाच प्रोसेसच्या मोडमध्ये चालवावे, आणि आउटपुट फाइलमध्ये वळवावे, कारण ते प्रचंड असते. आपल्या बाबतीत बॅकट्रेस इतका स्पष्ट आहे की त्याची गरज नाही.

आता दुरुस्ती. क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रवेशनोंदणी बंद पडू द्यायची नाही: आधी नवी मांडणी उभी करावी, मग वाहतूक तिकडे वळवावी, आणि शेवटी जुन्या प्रती काढाव्यात.

पीएचपी ७.४ ही अपाचेबाहेर, पीएचपी-एफपीएम या स्वतंत्र सेवेत जावी आणि अपाचेने मॉड-प्रॉक्सी-एफसीजीआयद्वारे युनिक्स सॉकेटवरून तिच्याशी बोलावे. जँगोसाठी गनिकॉर्न किंवा यूडब्ल्यूएसजीआय (पायथनचे ॲप्लिकेशन सर्व्हर) वेगळी सिस्टिमडी सेवा म्हणून चालवावी आणि अपाचेने तिच्यासमोर रिव्हर्स प्रॉक्सी (विनंत्या पुढे पोहोचवणारा) म्हणून राहावे. असे केल्यावर अपाचेच्या प्रोसेसमध्ये मॉड-एसएसएल आणि सिस्टिमची ओपनएसएसएल एवढेच उरते. मॉड-पीएचपीमुळे प्रीफोर्कवर (प्रत्येक जोडणीला एक प्रोसेस या पद्धतीवर) अडकलेला अपाचे इव्हेंट एमपीएमवर (थ्रेड वापरणाऱ्या पद्धतीवर) नेता येतो, आणि प्रत्येक ॲप्लिकेशनला स्वतःचा लिनक्स युजर देता येतो, म्हणजे एका ॲप्लिकेशनमधील छिद्रातून दुसऱ्याच्या डेटाबेसचा पासवर्ड वाचता येत नाही. केवळ या शेवटच्या कारणासाठीही मी ही मांडणी सुचवली असती.

जुनी पीएचपी कोठून आणायची, याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे आपण केले तेच, पण नीट करणे. ‘ऑप्ट’खाली पीएचपी७४ अशी एक डिरेक्टरी करावी आणि ओपनएसएसएल, कर्ल व पीएचपी तिन्ही त्याच प्रीफिक्सने पुन्हा बांधावीत. आधीच्या फाइल नुसत्या हलवून चालणार नाही, कारण प्रीफिक्स बायनरीमध्ये कोरलेला असतो. पीएचपी ७.४ पासून ओपनएसएसएल आणि कर्ल यांचा मार्ग कॉन्फिगर स्क्रिप्टला थेट देता येत नाही, पीकेजी-कॉन्फिगच्या मार्गाने द्यावा लागतो. जुन्या मार्गदर्शिका पाहून बांधणारे येथे चुकतात आणि नकळत सिस्टिमच्या आवृत्तीशी जोडले जातात. लिंकरला आरपाथचा (बायनरीतच लिहिलेल्या शोधमार्गाचा) पर्याय देऊन ‘ऑप्ट’मधील लायब्ररी डिरेक्टरी पीएचपीच्या बायनरीत आणि लिबकर्लमध्येही नोंदवावी. लिबकर्लमध्येही, यावर भर देतो. उबुंटूचा लिंकर आता आरपाथऐवजी रनपाथ लिहितो आणि रनपाथ फक्त त्या फाइलच्या थेट मागण्यांना लागू होतो. पीएचपीला लिबकर्ल सापडली तरी त्या लिबकर्लला तिची लिबएसएसएल सापडण्यासाठी तिचा स्वतःचा रनपाथ हवा. बांधून झाल्यावर रीडईएलएफने डायनॅमिक विभाग वाचून ही नोंद खरोखर आहे का ते पाहावे, आणि राहिली असेल तर पॅचईएलएफने लिहावी. ही डिरेक्टरी एलडीकॉन्फिगच्या यादीत मात्र कदापि घालू नये.

या मार्गातील एक अडचण हमखास उद्भवते. खासगी ओपनएसएसएल प्रमाणपत्रे तिच्या स्वतःच्या प्रीफिक्सखाली शोधते आणि तेथे काहीच नसते, त्यामुळे बाहेर जाणाऱ्या एचटीटीपीएस विनंत्या प्रमाणपत्राच्या तक्रारीने फसू शकतात. अशा वेळी घाईत असलेला डेव्हलपर प्रमाणपत्र-तपासणीच बंद करून टाकतो. तसे होऊ देऊ नये. पीएचपीच्या आयएनआय फाइलमध्ये ओपनएसएसएल आणि कर्ल या दोन्हींसाठी सीए फाइल म्हणून सिस्टिमच्या प्रमाणपत्रांची एकत्रित फाइल द्यावी, म्हणजे तिची अद्यतनेही आपोआप मिळत राहतात.

तरीही हा मार्ग मला दुय्यम वाटतो. हाताने बांधलेल्या पीएचपीला पोस्टग्रेससाठी लिबपीक्यू लागली, तर उबुंटूची लिबपीक्यू ओपनएसएसएल ३ सोबत घेऊन येते आणि पीएचपीच्या प्रोसेसमध्ये पुन्हा दोन आवृत्त्या एकत्र येतात. मायएसक्यूएलसाठी पीएचपीचा स्वतःचा मायएसक्यूएलएनडी ड्रायव्हर असल्याने तेथे प्रश्न नाही. म्हणजे खासगी प्रतींचे वर्तुळ एकेक लायब्ररीने वाढत जाते, आणि त्यातील प्रत्येक प्रतीची सुरक्षा अद्यतने ही आपली वैयक्तिक जबाबदारी होते. ओपनएसएसएल १.१.१ चा सार्वजनिक आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपला, आणि पीएचपी ७.४ चा त्याआधीच, २८ नोव्हेंबर २०२२ रोजी. सोर्सवरून बांधलेल्या प्रतींना ॲप्ट (उबुंटूचा पॅकेज व्यवस्थापक) हात लावत नाही. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड (ओपनएसएसएलमधील गंभीर सुरक्षा दोष) उघड झाले तेव्हा वितरणाची ओपनएसएसएल अद्ययावत करून सेवा रीस्टार्ट करणे हे सरळ काम होते. अशा सुट्या, कोठेतरी ठेवलेल्या प्रती शोधून काढणे हे अवघड काम होते.

म्हणून डॉकर अर्ध्यापुरते योग्य म्हटले, ते जुन्या ॲप्लिकेशनपुरते. डेबियन ११ सोबत पीएचपी ७.४ आणि ओपनएसएसएल १.१.१ ही जोडी अधिकृत पॅकेजेस म्हणून येते. लिबपीक्यू आणि लिबकर्ल तेथे एकाच ओपनएसएसएलशी जोडलेल्या असतात, आणि डेबियनचा दीर्घकालीन आधार गट त्यांत सुरक्षेचे पॅच मागे आणून बसवतो. ३१ ऑगस्ट २०२६ ही त्या आधाराची शेवटची तारीख आहे. त्या मुदतीपर्यंत डेबियन ११ च्या कंटेनरमध्ये त्यांच्याच पॅकेजमधील पीएचपी-एफपीएम चालवावी. एकही लायब्ररी हाताने बांधावी लागणार नाही. कंटेनरमध्ये अपाचे ठेवू नये, टीएलएस बाहेरच्या अपाचेतच संपवावे, आणि कंटेनरने फक्त एफसीजीआय बोलावे. एक खबरदारी मात्र घ्यावी: अपाचे एफपीएमला स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग कळवतो, त्यामुळे कोडची डिरेक्टरी कंटेनरच्या आत आणि बाहेर त्याच मार्गावर माउंट केलेली असावी, नाहीतर ‘फाइल नॉट फाउंड’ एवढेच उत्तर मिळते. मुदतीनंतर कोणतीही लायब्ररी-मांडणी या ॲप्लिकेशनला सुरक्षित करू शकणार नाही. कोड पीएचपी ८ वर नेण्याचे काम आत्ताच कोणाच्या तरी नावावर लिहावे.

जँगोला कंटेनरची गरज नाही. ते सिस्टिमच्याच पायथनवर आणि सिस्टिमच्याच ओपनएसएसएल ३ वर चालते. त्याला वेगळी प्रोसेस आणि स्वच्छ शोधमार्ग एवढेच हवे आहे.

नवी मांडणी चालू झाल्यावर ‘यूएसआर लोकल’ साफ करावे, आणि हे काम फक्त ‘लिब’पुरते मर्यादित ठेवू नये. ‘इन्क्लूड’मधील कर्ल व ओपनएसएसएलच्या हेडर फाइल, पीकेजी-कॉन्फिगच्या फाइल आणि ‘बिन’मधील कर्ल-कॉन्फिग हेही काढावे. पायकर्ल सोर्सवरून बांधले जाते तेव्हा कोणत्या लायब्ररीशी जोडायचे हे ते कर्ल-कॉन्फिगलाच विचारते, आणि ‘यूएसआर लोकल बिन’ पाथमध्ये आधी येत असल्यामुळे उत्तर जुन्या प्रतीचे मिळते. मग एलडीकॉन्फिग चालवून त्याच्या यादीत लिबकर्ल.एसओ.४ सिस्टिमच्या डिरेक्टरीतूनच येते याची खात्री करावी. नंतर जँगोच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये पायकर्ल काढून पिपला (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रामला) कॅश टाळण्याचा पर्याय देऊन पुन्हा बसवावे. तो पर्याय दिला नाही तर पिप पूर्वी बांधून ठेवलेले व्हीलच (तयार पॅकेज) पुढे करते आणि आपला समज होतो की नवे बांधले गेले.

जँगो पोस्टग्रेसशी बोलत असेल, तर सायकोपीजी२ (पोस्टग्रेसचा पायथन ड्रायव्हर) कोणत्या रूपात बसवले आहे तेही पाहावे. ‘बायनरी’ नावाच्या पॅकेजमध्ये लिबपीक्यू आणि लिबएसएसएलच्या स्वतःच्या प्रती असतात, आणि त्या पायथनच्या एसएसएल मोड्यूलने लोड केलेल्या प्रतीहून वेगळ्या असू शकतात. २.७ मालिकेत यामुळे एकाच वेळी अनेक थ्रेड चालू असताना क्रॅश होत, म्हणूनच बायनरी रूप वेगळ्या नावाखाली नेण्यात आले आणि २.८ पासून लिनक्ससाठी मूळ नावाखाली फक्त सोर्स मिळू लागला. आता व्हीलमधील लायब्ररींच्या नावांत हॅश घातलेला असतो, त्यामुळे एसओ-नेमची टक्कर टळते. तरीही त्या प्रतींना ॲप्टची अद्यतने मिळत नाहीत. प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर सायकोपीजी२ सोर्सवरून, सिस्टिमच्या लिबपीक्यूशी जोडूनच बांधावे. त्यासाठी लिबपीक्यूचे व पायथनचे डेव्हलपमेंट पॅकेज आणि कम्पायलर एवढेच लागते.

सगळे झाल्यावर पुन्हा ‘मॅप्स’ वाचावी, या वेळी तीन ठिकाणी: अपाचेची चाइल्ड, गनिकॉर्नची वर्कर आणि कंटेनरमधील एफपीएमची वर्कर. पहिल्या दोन्हींमध्ये फक्त ३ ची आणि तिसरीत फक्त १.१ ची लिबएसएसएल दिसली पाहिजे. गनिकॉर्नमध्ये दोन दिसल्या, तर दुसरी कोणत्या डिरेक्टरीतून आली ते त्याच ओळीत लिहिलेले असते, आणि बहुतेक वेळा ती एखाद्या व्हीलमधूनच आलेली असते.

अद्यतनांच्या दिवशी हीच फाइल पुन्हा कामाला येते. ॲप्टने लायब्ररी बदलली तरी चालू प्रोसेस जुनी फाइलच मेमरीत धरून बसते, आणि ‘मॅप्स’मध्ये त्या ओळीपुढे ‘डिलीटेड’ असे दिसते. उबुंटू २२.०४ च्या सर्व्हर आवृत्तीत नीडरीस्टार्ट हे पॅकेज अशा सेवा दाखवते. तिची यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. अपाचेच्या बाबतीत ग्रेसफुल रीलोड पुरेसा नसतो, कारण त्यात पॅरेंट प्रोसेस तीच राहते आणि तिच्या मूळ बायनरीशी जोडलेल्या लायब्ररीही त्याच राहतात. सेवा पूर्ण थांबवून पुन्हा सुरू करावी. कंटेनरमधील लायब्ररी यजमान सर्व्हरच्या ॲप्टला दिसत नाहीत, म्हणून डेबियन ११ ची इमेज दर आठवड्याला नव्याने बांधून कंटेनर बदलण्याचे काम सिस्टिमडी टायमरकडे द्यावे, आणि बांधणी फसली तर मेल यावा अशी सोय त्याच वेळी करावी.